धागा: सोळा बाय सोळाची जमीन – जांभ्याच्या मातीच्या टाइलचा रंग आणि पोत कसा सुधारावा?

गडगा१६ (धागाकर्ता)

टॉप-डाउन (वरून दिसणारा) पिक्सेल आर्टचा व्हिडिओ गेम आहे, गाव कोकणातलं. टाइल (शेजारी-शेजारी जोडायचं जमिनीचं चौकोनी चित्र) १६ × १६ पिक्सेल, पडदा ३२० × १८०, म्हणजे आडव्या २० टाइल आणि उभ्या सव्वाअकरा. पात्र १६ × २४. जमिनीच्या दोन टाइल झाल्यात: जांभ्याची तांबडी माती आणि गवत. मातीचे पाचही रंग एकाच ह्यूवर (रंगचक्रावरची जागा, ० ते ३६०) आहेत. ह्यू २०, सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा, १०० पैकी) ७०, व्हॅल्यू (रंगातला उजेड, १०० पैकी) २०, ४०, ६०, ८० आणि ९५. पोत आणायला स्प्रे ब्रशने पाचही रंगांचे सुटे ठिपके टाकलेत.

एकटी टाइल बरी दिसते. पडदाभर पसरली की वाळू सळसळल्यासारखी दिसते आणि पात्र तिच्यात हरवतं. शिवाय दर सोळा पिक्सेलांवर चौकट डोळ्यांत भरते. आणि माती मातीसारखी न वाटता प्लॅस्टिकच्या विटेसारखी वाटते. चित्रं काढायला एसप्राइट वापरतोय, गेमचं इंजिन गोडो ४. आधी रंग हातात घेऊ की पोत?

---

उजेडमाप

रंग आधी, आणि रंगातही उजळपणा सगळ्यांत आधी. ह्यू कितीही सुंदर निवडला तरी उजळपणा चुकला असेल तर पात्र हरवणारच.

तुमच्या पाच रंगांचा ग्रे (डोळ्याला जाणवणारा उजळपणा, ० काळा ते २५५ पांढरा) काढून पाहिला. सूत्र सोपं आहे: लाल गुणिले ०.२९९, हिरवा गुणिले ०.५८७, निळा गुणिले ०.११४, तिन्हींची बेरीज. उत्तरं आली ३३, ६६, ९९, १३२, १५६. म्हणजे एकट्या मातीत १२३ चा फरक. पात्राची बाह्यरेषा साधारण २५ ते ३० वर असते, कपड्यांचे मधले रंग १०० ते १६० मध्ये. पात्राला लागणारी बहुतेक सगळी पट्टी मातीनेच व्यापली आहे, मग ते उठून कसं दिसणार? जमिनीला ६० च्या आसपास फरक पुरतो. त्याच्या खालची आणि वरची जागा पात्र, वस्तू आणि उचलायच्या गोष्टींसाठी राखून ठेवा.

मातीसाठी चार रंग असे घेऊन पाहा. आकडे ह्यू, सॅच्युरेशन, व्हॅल्यू या क्रमाने, पुढे ग्रे:

१. सगळ्यात गडद: ३४५, ४५, ३० – ग्रे ५४
२. गडद: ८, ५५, ४४ – ग्रे ७३
३. मूळ: १५, ५८, ५६ – ग्रे ९७
४. फिकट: २४, ५२, ६७ – ग्रे १३०

साध्या टाइलमध्ये २, ३ आणि ४ एवढेच वापरायचे. १ फक्त खड्याखाली, भोकात, भेगेत.

ह्यू सरकवण्यामागे कारण आहे. उन्हाचा प्रकाश पिवळसर असतो आणि सावलीत पोचतो तो आकाशाचा निळसर प्रकाश. म्हणून फिकट रंग पिवळ्याकडे झुकतो, गडद रंग जांभळ्याकडे. लाल मातीचा ह्यू शून्याजवळ असल्यामुळे गडद करताना तो शून्य ओलांडून ३६० च्या बाजूने खाली यायला हवा. उलट दिशेने, म्हणजे २४ वरून ४०-५० कडे गेलात तर सावली शेणकट होते. तुमची वीट प्लॅस्टिकची दिसते ती एकाच ह्यूला फक्त काळं-पांढरं केल्यामुळे.

सॅच्युरेशनही सरळ रेषेत नको. वरच्या चार रंगांत ते मध्यावर सर्वांत जास्त आहे, दोन्ही टोकांना उतरतं. गडद रंगात ७० ठेवलं तर माती रक्तासारखी दिसते.

गवत:

१. १६०, ४५, ३० – ग्रे ६५
२. १२५, ४२, ४४ – ग्रे ९३
३. ९८, ४८, ५५ – ग्रे १२०
४. ७५, ५२, ६८ – ग्रे १५६

इथे एक खाच आहे. मातीच्या मूळ रंगाची व्हॅल्यू ५६ आणि गवताच्या मूळ रंगाची ५५. पटलावर (एसप्राइटमधल्या रंगांच्या यादीत) दोन्ही सारखेच उजळ वाटतात. ग्रे मात्र ९७ आणि १२०. हिरव्या रंगाचा उजळपणात वाटा सर्वांत मोठा असतो, म्हणून व्हॅल्यूच्या आकड्यावर विसंबू नका. इथे २३ चा फरक सोयीचाच आहे, पायवाट आणि गवत लांबूनही वेगळं कळतं. पण शेवाळी दगड आणि गवत जवळजवळ ठेवायची वेळ आली की हाच हिशेब गोत्यात आणतो.

तपासायची रीत: सगळ्यांत वर नवा लेयर घ्या, राखाडी रंगाने भरा, ब्लेंड मोड कलर करा. खालचं चित्र ग्रेमध्ये दिसतं. त्या लेयरसमोरचं डोळ्याचं चिन्ह दाबलं की परत रंगीत. फाइल आरजीबी मोडमध्ये हवी, इंडेक्स्डमध्ये (ठरलेल्या रंगयादीच्या मोडमध्ये) हे नीट चालत नाही. शेजारी पात्र ठेवूनच तपासा, नुसत्या टाइलवरून काहीच कळत नाही.

---

पुंजका

पोताबद्दल. स्प्रे ब्रश बंद करा, सगळा त्रास त्याचाच आहे. सुटा पिक्सेल म्हणजे चारही बाजूंनी वेगळ्या रंगाचा पिक्सेल. एवढ्या लहान टाइलमध्ये असे चार-पाच चालतात. त्याहून जास्त झाले की डोळा त्यांना पोत म्हणून वाचतच नाही, खरखर म्हणून वाचतो. कॅमेरा हलला की तीच खरखर सळसळते.

पोत तयार होतो पुंजक्यांतून. एकाच रंगाचे तीन ते सहा पिक्सेल कडेला कड लावून जोडलेले, आकार वेडावाकडा, दोन पुंजके एकसारखे नाहीत. १६ × १६ मध्ये २५६ पिक्सेल असतात. साध्या मातीसाठी वाटणी अशी ठेवा: १९० मूळ रंगाचे, ४५ गडद, २१ फिकट, सगळ्यात गडद शून्य. आकडे हुबेहूब पाळायचे नाहीत, पण मूळ रंग निम्म्यावर आला तर थांबा. मोकळी जागा हाही पोताचाच भाग आहे.

मातीतला एक खडा जवळून पाहू. प्रकाश वर-डावीकडून. आकडे वरच्या प्रतिसादातल्या मातीच्या रंगांचे:

३३३३३३३३
३३४४४३३३
३४४३३२३३
३४३३२२३३
३३२२२१३३
३३३१११३३
३३३३३३३३

फिकट सहा, गडद सहा, सर्वांत गडद चार. तिन्ही रंगांचा प्रत्येकी एकच सलग पुंजका आहे, सुटा पिक्सेल एकही नाही. खड्याचा मधला भाग मातीच्याच मूळ रंगाचा आहे, त्याला वेगळा रंग दिलेला नाही. म्हणून तो मातीत बसलेला वाटतो. भोवती पूर्ण काळी रेषा मारली असती तर तो उचलायची वस्तू वाटला असता आणि खेळणारा त्याच्यावर जाऊन बटण दाबत बसला असता. रेषा फक्त खाली-उजवीकडे, जिथे सावली पडते.

मापही बघा. पात्राचं डोकं साधारण ९-१० पिक्सेल रुंद असेल, तर पाच पिक्सेलांचा खडा म्हणजे अर्ध्या डोक्याएवढा. त्याहून मोठा काढलात तर तो धोंडा झाला, त्याला अडथळा म्हणून वेगळी टाइल द्या.

आता चौकट. तुमच्या पडद्यावर एका वेळी सव्वादोनशे टाइल दिसतात. टाइलमध्ये एकच लक्षवेधी ठिपका असला तरी त्याचे २२५ ठिपके ओळीत उभे राहतात. म्हणून:

साध्या टाइलमध्ये नजर खेचणारं काहीच ठेवू नका. खडा, पान, भोक हे सगळं वेगळ्या आवृत्त्यांत जाऊ द्या. किमान तीन आवृत्त्या करा: अ साधी, ब थोडी गडद पुंजक्यांची, क खड्याची. गोडोच्या टाइलसेटमध्ये प्रत्येक टाइलला प्रॉबॅबिलिटी (ती किती प्रमाणात पडावी तो आकडा) देता येते. अ ला १, ब ला ०.३, क ला ०.०८ दिलीत तर २२५ पैकी सुमारे १६३ अ, ४९ ब आणि १३ क पडतील. पडदाभर तेरा खडे पुरेत.

एसप्राइटच्या व्ह्यू मेनूत टाइल्ड मोड आहे, तो दोन्ही अक्षांवर सुरू करूनच काम करा. क्रितामध्ये हेच डब्ल्यू कळीवर आहे. गिंपमध्ये लेयर अर्धा, म्हणजे ८ आणि ८, सरकवून पाहायची सोय आहे. काठ मध्ये येतो आणि शिवण उघडी पडते.

आणि काठ मोकळा सोडू नका. ही चूक फार होते. शिवण दिसू नये म्हणून सगळे पुंजके टाइलच्या मधे गोळा करतात. मग काठाच्या मोकळ्या पट्ट्या एकमेकींना जोडून त्यांचीच चौकट तयार होते. तीन-चार पुंजके काठ ओलांडून पलीकडे जायलाच हवेत. ते सगळ्या आवृत्त्यांत तिथेच आणि तसेच ठेवा. बदल करायचा तो आतल्या १२ × १२ मध्ये.

---

गडगा१६ (धागाकर्ता)

दोघांचेही आभार. आवृत्त्या वाढवायला टाइल आडवी फ्लिप केली तर? चार नवीन काढण्यापेक्षा ते सोपं वाटतं.

---

पुंजका

नको. पहिलं कारण प्रकाश. खडा फ्लिप केला की त्याच्यापुरता सूर्य उजवीकडे जातो.

दुसरं कारण काठ. मूळ टाइलच्या उजवीकडे फ्लिप केलेली टाइल आली की मूळचा उजवा काठ स्वतःच्याच आरशातल्या प्रतिमेला भिडतो. काठ ओलांडणाऱ्या पुंजक्याचं फुलपाखरू होतं, दोन्हीकडे सारखे पंख. नजर असं सममित चित्र लगेच पकडते. वरच्या-खालच्या काठावरही तेच, डावीकडून तिसऱ्या पिक्सेलवरचा पुंजका डावीकडून चौदाव्यावर जातो आणि शेजारच्या टाइलशी जुळत नाही.

नवीन आवृत्ती काढायला फार वेळ लागत नाही. अ ची प्रत घ्या, आतले चार पुंजके पुसा, चार दुसरीकडे काढा. एसप्राइटच्या पेन्सिलला शेडिंग नावाची इंक आहे. पटलावर चारही रंग ओळीने निवडून ती लावली की पिक्सेलवर हात फिरवताच तो ओळीतल्या पुढच्या किंवा मागच्या रंगावर जातो. रंग निवडत बसावं लागत नाही.

---

कातळफूल

उजेडमाप यांचा रंगपट चांगला आहे, पण त्यातून जांभा अजून दिसत नाही. ती कुठलीही तांबडी माती आहे. जांभ्याची स्वतःची तीन लक्षणं आहेत आणि तीन्ही पिक्सेलांत येतात.

एक, तो एकरंगी नसतो. लोहाच्या लाल भागात पिवळट गेरूसारखे डाग असतात. त्यासाठी एकच रंग वाढवा: ह्यू ३५, सॅच्युरेशन ५०, व्हॅल्यू ६२. याचा ग्रे १३० येतो, म्हणजे तुमच्या फिकट मातीच्या रंगाएवढाच. हा योग फार कामाचा आहे. फिकट पुंजक्यांपैकी दर तिसरा या रंगाचा करा. ग्रेमध्ये काहीच बदलत नाही, खरखर वाढत नाही, पण रंगीत चित्रात माती जिवंत होते. पोत न वाढवता रंग वाढवायचा असेल तर सारख्या ग्रेचा दुसरा ह्यू हा माझ्या मते सर्वांत चांगला उपाय.

दोन, तो सच्छिद्र असतो. भोकं गोल नसतात, अळीने कोरल्यासारखी लांबट वळणदार असतात. दोन पिक्सेल आडवे, एक तिरका खाली, असं सर्वांत गडद रंगात काढा. पण हे फक्त उघड्या कातळाच्या टाइलवर आणि चिऱ्याच्या गडग्यावर (दगडी कुंपणावर). मातीवर भोकं काढली तर ती मुंगळ्यांची बिळं वाटतील.

तीन, उघडा पडलेला जांभा वरून काळवंडतो. सड्यावरचा (खडकाळ पठारावरचा) कातळ लाल नसतोच, काळसर राखाडी-तपकिरी असतो. लाल दिसतो तो जिथे ताजा तुटलाय किंवा चिरा काढलाय तिथे. म्हणून सड्याची टाइल, पायवाटेची टाइल आणि चिरेखाणीची टाइल या तिघींना वेगळा मूळ रंग हवा. रोजची पायवाट सर्वांत फिकट, वर बारीक धूळ असते आणि खडे कडेला सरकलेले असतात. वाटेच्या मधल्या टाइलमध्ये खडा नको, कडेच्या टाइलमध्ये दोन.

रंगांची संख्या आटोक्यात ठेवायला मातीचा आणि गवताचा सर्वांत गडद रंग एकच करा. ह्यू ३००, सॅच्युरेशन २५, व्हॅल्यू २७. ग्रे ५९, दोघांच्या बरोबर मधोमध. दोन वेगळे पट एकाच सावलीत मिळाले की ती एकाच गावची जमीन वाटते. वेगवेगळ्या ठिकाणांहून आणलेल्या टाइल शेजारी ठेवल्या की हेच नेमकं बिघडतं, प्रत्येकीची सावली निराळी असते.

---

उजेडमाप

सामायिक सावलीशी पूर्ण सहमत. जांभळट करड्यात फार सॅच्युरेशन नको एवढं सांभाळा. २५ च्या वर गेलात तर गवताच्या मुळाशी वांग्याचा रंग दिसू लागतो.

---

रेगूर

थोडं विषयाला जोडून. काळ्या मातीच्या शेताला हाच हिशेब लावता येईल का? पात्राचे केस काळे, बाह्यरेषा काळी, आणि माती काळी म्हणून व्हॅल्यू १५ ते २५ मध्ये ठेवली तर सगळंच बुडतं.

---

उजेडमाप

लावता येतो. काळी माती काळ्या रंगाने काढायची नाही. तिचा काळेपणा शेजाऱ्यांशी तुलना करून डोळ्याला पटवायचा असतो. सॅच्युरेशन अगदी खाली आणा, शेजारचं गवत आणि पीक रंगीत राहू द्या. मग ग्रे ८१ असूनही ती काळी वाचली जाते:

१. २८०, १४, २० – ग्रे ४६
२. ३३०, १२, २७ – ग्रे ६४
३. २५, १४, ३४ – ग्रे ८१
४. ३५, १६, ४३ – ग्रे १०४

मूळ रंग ८० च्या खाली नेऊ नका. बाह्यरेषा २५ वर असेल तर ५५ चं अंतर उरतं, तेवढं पुरतं.

---

पुंजका

काळ्या मातीची खरी ओळख भेगा आहेत. ओली झाली की फुगते, वाळली की आकसते, म्हणून उन्हाळ्यात बहुकोनी भेगा पडतात. पिक्सेलमध्ये तीन गोष्टी सांभाळायच्या.

पहिली, १६ ची टाइल यासाठी लहान पडते. ढेकळाचा बहुकोन १० ते १४ पिक्सेलांचा असतो, एका टाइलमध्ये जेमतेम एकच मावतो आणि फरशी घातल्यासारखं दिसतं. ३२ × ३२ चा तुकडा काढा आणि चार टाइलमध्ये कापा.

दुसरी, भेग काठाबाहेर कुठे निघते ते आधी ठरवा. उदाहरणार्थ उभ्या काठावर वरून सहावा पिक्सेल, आडव्या काठावर डावीकडून अकरावा. सगळ्या तुकड्यांत तेच. मग कुठलाही तुकडा कुठल्याही शेजारी बसतो. आत भेगा टी किंवा वाय आकारात मिळू द्या. अधिक चिन्हासारखा चौक आला की लगेच फरशी दिसते.

तिसरी, भेगेची उजळ कड. प्रकाश वर-डावीकडून आहे, तर भेगेच्या खालच्या-उजव्या ओठावर फिकट पिक्सेल हवेत, कारण खोलगट जागेत प्रकाशाकडे तोंड करून असलेली कड तीच. वरच्या-डाव्या ओठावर फिकट दिलं तर भेग फुगून बाहेर येते, जमिनीवर दोरी पडल्यासारखी. उजळ कड सलगही नको. दोन-तीन पिक्सेल द्या, तीन-चार सोडा.

---

पाणंद

गवत आणि मातीच्या जोडटाइलबद्दल (जिथे दोन्ही भेटतात त्या टाइलबद्दल) अजून कुणी लिहिलं नाही, आणि जमीन बरी-वाईट ठरते ती तिथेच.

आठही शेजारी धरले तर २५६ शक्यता होतात, त्या गाळून ४७ टाइलचा संच उरतो. एका माणसाने ४७ टाइल काढायच्या आणि मग रंग बदलला की परत ४७ तपासायच्या, हे लहान खेळाला परवडत नाही. त्याऐवजी कोपऱ्यांवर चालणारा संच घ्या. चार कोपरे, प्रत्येक कोपरा गवत किंवा माती, म्हणजे १६ टाइल. त्यातल्या दोन पूर्ण गवत आणि पूर्ण माती, त्या झालेल्याच आहेत. उरल्या १४. दाखवायचा नकाशा मूळ नकाशापेक्षा अर्ध्या टाइलने, तुमच्याकडे ८ पिक्सेलांनी, सरकवला की प्रत्येक दिसणारी टाइल चार मूळ घरांच्या मधोमध येते आणि तिचा प्रत्येक कोपरा एकेका घराचा होतो. गोडोच्या टेरेनमध्ये (जोडटाइल आपोआप बसवायच्या सोयीत) फक्त कोपरे जुळवण्याचा पर्यायही आहे.

अट एक: सीमा टाइलच्या काठाला नेहमी मध्यावर, आठव्या-नवव्या पिक्सेलपाशी भेटते. त्या जागेच्या अलीकडचे-पलीकडचे तीन पिक्सेल सगळ्या टाइलमध्ये एकसारखे. आत हवी तेवढी वळवा.

सीमेवर गवताची कड प्रत्येक बाजूला वेगळी वागते. गवताचा खालचा काठ मातीवर झुकतो, म्हणून तिथे झुपके खाली लोंबतात आणि त्यांच्याखाली मातीवर रंग २ ची एक पिक्सेलची सावली. वरच्या काठाला सावली नाही, तिथे गवताची फिकट टोकं मातीत वर घुसतात. डावीकडे काही नाही. उजवीकडे सावली तुटक. चारही बाजूंना सारखी सावली दिली की गवताचा गालिचा होतो, जमिनीवर अंथरल्यासारखा.

झुपक्यांची लांबी २, ४, ३, ५ अशी अनियमित ठेवा, रुंदी दोन-तीन पिक्सेल. एक पिक्सेल आत, एक बाहेर असं केलंत तर करवतीचे दात दिसतात. आणि सीमेपासून तीन-चार पिक्सेल आत मातीत गवताचा एखादा सुटा झुपका द्या, गवतात मातीचा एखादा डाग. त्यामुळे सीमा कापल्यासारखी वाटत नाही.

---

गडगा१६ (धागाकर्ता)

सीमेवर दोन रंगांचं डिदरिंग केलं तर? एकाआड एक पिक्सेल टाकून.

---

उजेडमाप

या मापाला नको. मेगा ड्राइव्ह या जुन्या गेम कन्सोलच्या काळात ते चालायचं, कारण कंपोझिट केबल आणि टीव्हीवर शेजारचे पिक्सेल एकमेकांत मिसळायचे आणि मधला रंग तयार व्हायचा. आजच्या पडद्यावर प्रत्येक पिक्सेल धारदार आणि वरून सहापट मोठा. बुद्धिबळाचा पट दिसेल, तोही कॅमेऱ्याबरोबर झगमगणारा. मधला रंग हवा तर पटात सरळ एक रंग वाढवा.

---

कातळफूल

स्थिर असलेल्या मोठ्या पार्श्वभूमीवर, आकाशात वगैरे, डिदरिंग अजूनही सुंदर दिसतं. पायाखालच्या सरकत्या जमिनीवर नाही, एवढीच माझी दुरुस्ती.

---

गडगा१६ (धागाकर्ता)

नवीन टाइल काढल्या. मातीच्या तीन आवृत्त्या, गेरूचा रंग धरून नऊ ऐवजी आठ रंग, सावली सामायिक. मूळ रंग १८४ पिक्सेल, सुटे पिक्सेल तीन. ग्रेमध्ये पात्र आता स्पष्ट दिसतं आणि चौकट गेली. दोन गोष्टी उरल्या. १३६६ × ७६८ च्या लॅपटॉपवर खडे कुठे जाड, कुठे बारीक दिसतात. आणि हीच जमीन पावसाळ्यात दाखवायची आहे.

---

पाणंद

लॅपटॉपचं कारण भागाकार. १३६६ भागिले ३२० म्हणजे ४.२७, म्हणून काही पिक्सेल चारपट आणि काही पाचपट होतात. पूर्ण पटच ठेवा. चारपट म्हणजे १२८० × ७२०, बाजूंना ४३-४३ आणि वर-खाली २४-२४ पिक्सेलांची काळी पट्टी राहील, राहू द्या. १९२० × १०८० वर बरोबर सहापट बसतं. गोडोत प्रोजेक्ट सेटिंगमधल्या स्ट्रेचमध्ये मोड व्ह्यूपोर्ट आणि स्केल मोड इंटिजर, आणि टेक्स्चर फिल्टर निअरेस्ट. युनिटी इंजिनात असता तर फिल्टर पॉइंट, कॉम्प्रेशन नन आणि पिक्सेल पर युनिट १६ ठेवायचं असतं, शिवाय टाइलच्या कडेचा पिक्सेल एकाने बाहेर वाढवावा लागतो. नाहीतर कॅमेरा हलताना टाइलमध्ये शेजारच्या रंगाच्या रेघा चमकतात. गोडो ४ चा टाइलसेट ती कड स्वतः भरतो.

फाइल पीएनजीच. आणि कुणाला व्हॉट्सॲपवर दाखवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून गेली की जेपेग होते, रंग आठाचे आठशे होतात आणि समोरचा त्या धुरकट चित्रावर मत देतो.

---

कातळफूल

पावसाळ्यासाठी नवीन टाइल काढू नका, पट बदला. इंडेक्सचा (पटातल्या रंगांच्या क्रमांकांचा) क्रम तोच राहिला की झालं. ओल्या मातीच्या छिद्रांत पाणी शिरतं आणि तिच्यावरून परतणारा प्रकाश कमी होतो. म्हणून व्हॅल्यू ९-१० ने खाली, आणि गडद-मूळ रंगांचं सॅच्युरेशन थोडं वर:

२. ३, ५८, ३५
३. १२, ६२, ४६
४. २२, ५०, ५८

मूळ रंगाचा ग्रे ९७ वरून ७५ वर येतो. पात्राचे पाय आणि चपला गडद असतील तर त्या एकदा तपासा, तिथलं अंतर कमी होतं. गेरूचा रंगही त्याच प्रमाणात उतरवा, म्हणजे त्याचा आणि फिकट रंगाचा ग्रे पुन्हा जुळेल.

पटाने भागणार नाही ते दोनच. एक डबकं: आकाशाच्या करड्या-निळ्या रंगाच्या आडव्या रेघा, ३ ते ५ पिक्सेल लांब, काठ नितळ, आत पोत शून्य. तांबड्या पोताच्या मधोमध ती गुळगुळीत जागाच पाणी म्हणून वाचली जाते, म्हणून डबक्यात ठिपके टाकायचा मोह आवरा. दुसरं गवत: पावसात सड्यावरही ते उगवतं, तेव्हा नकाशातच मातीची घरं कमी करून गवताची वाढवा. जोडटाइल आपोआप बसतील. दिवाळीनंतर तेच गवत वाळतं. त्यासाठी गवताच्या मूळ रंगाचा ह्यू ९८ वरून ४८ च्या आसपास आणा, सर्वांत गडद रंग मात्र तोच सामायिक राहू द्या.

---

पुंजका

डबक्याची टाइल क आवृत्तीसारखी विखरू नका. पाणी खोलगट जागी साचतं, म्हणजे वाटेच्या मधल्या घरांत, दोन-तीन टाइल सलग. प्रॉबॅबिलिटीवर सोडलंत तर पडदाभर तेरा सुटी डबकी पडतील. ती हातानेच ठेवा.